बटणांचा कौल

ज्या घरात सहा माणसं आणि बारा मतं, त्या घराने तीस वर्षांत सहा वेळा एकमताने कौल दिला, हे सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही. ठेवूही नये. पंखा दोनवर ठेवायचा की तीनवर, यावरून या घरात थोरला मुलगा आणि आत्या चार महिने एकमेकांशी बोलत नव्हते. पुढच्या दाराला रंग कोणता द्यायचा ते ठरेना, म्हणून दार तीन वर्षं अर्धं निळं आणि अर्धं उघडं लाकूड असं उभं होतं, आणि पोस्टमन म्हणे निळ्या बाजूची पत्रं निळ्या बाजूनेच सरकवायचा.

पण दर पाच वर्षांनी, निवडणुकीचा अर्ज भरायच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या टेबलावर एक झाकणाचं भांडं यायचं. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी आत्या आपल्या डब्यातून प्रत्येकाला एक पांढरं आणि एक काळं बटण द्यायची. ज्याचा हात टेबलावर पोचतो तो मतदार. पांढरं म्हणजे उभे राहा, काळं म्हणजे आता पुरे. एक बटण भांड्यात टाकायचं, दुसरं आपल्या खिशात घालून विसरून जायचं. मग मेंबर भांडं घेऊन आपल्या खोलीत जायचे, दार लावून मोजायचे, आणि डोळे टिपत बाहेर येऊन म्हणायचे, “सगळी पांढरी! तुम्ही मला सोडणारच नाही म्हटल्यावर मी तरी काय करू?”

मेंबर म्हणजे घरातले वडील. सहा वेळा निवडून येऊन सभागृहात गेल्यामुळे त्यांचं पाळण्यातलं नाव आता फक्त मतदारयादीला माहीत होतं. घरचा कौल मोडायचा नाही, हा त्यांचा बाणा. प्रत्येक भाषणात ते तो सांगत, आणि लोक टाळ्या वाजवत.

या रविवारी भांडं पुन्हा बाहेर निघालं होतं, पण कारण वेगळं होतं. कोणीही तीन मुदतींपेक्षा जास्त काळ सभागृहात बसू नये, असं विधेयक आलं होतं. जे आधीच तीनहून जास्त बसले होते त्यांनी ही मुदत संपली की घरी जायचं. चाळीस सदस्य बाजूने, चाळीस विरोधात. एक्याऐंशीवे मेंबर. मतदान सोमवारी सकाळी अकराला. आणि आज संध्याकाळी पाचला गटप्रमुखांचा फोन येणार होता, त्या फोनवर मेंबर घरचा कौल सांगणार होते.

दुपारी बाराला धाकटी लेक जिना चढत होती. ती लिफ्ट तपासनीस होती. शहरभर लिफ्टचे दोर, ब्रेक आणि दारं तपासत फिरायची, आणि स्वतःच्या माहेरी मात्र तीन मजले पायांनी चढायची. लहानपणी “का?” हा प्रश्न ती इतक्यांदा विचारायची, की मेंबरांनी तिचं नाव ‘चौकशी’ ठेवलं होतं. रेल्वे स्टेशनवर असते तशी खिडकी, ते म्हणायचे, फक्त ही कधी बंद होत नाही.

जिन्यावर नेहमीप्रमाणे माणसं बसलेली. सकाळी जो पहिला येईल तो सगळ्यात वरच्या पायरीवर. पायरी म्हणजेच नंबर. चौथ्या पायरीवरच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर अर्ज होता, गल्लीतल्या गटाराला झाकण हवं म्हणून.

“काका, हे तर प्रभाग कचेरीचं काम. तिथे नाही गेलात?”

“गेलो होतो की. तिथला माणूस म्हणाला, मेंबरांची चिठ्ठी आणा, मग बघू.”

“चिठ्ठीशिवाय होत नाही?”

“पूर्वी व्हायचं म्हणतात,” म्हातारा म्हणाला. “आमच्या वडलांच्या वेळी. आता तुमचे वडील आहेत ना, मग कशाला काळजी? देवमाणूस! माझी ही बारावी चिठ्ठी.”

चौकशी दोन पायऱ्या वर गेली आणि थांबली. चिठ्ठीमुळे कामं होतात, की चिठ्ठीची सवय लागली म्हणून चिठ्ठीशिवाय होत नाहीत? हे तिला खरोखरच कळेना. आणि जे कळत नाही ते तिच्या दातात अडकलेल्या तंतूसारखं तिला दिवसभर छळायचं. असा एक तंतू तर पाच वर्षं अडकून होता.

मागच्या कौलाच्या वेळी तिने काळं बटण टाकलं होतं.

निदान तिला तसं वाटत होतं. मेंबर बाहेर येऊन “सगळी पांढरी” म्हणाले, तेव्हा तिला वाटलं, आपल्याच हातून चूक झाली. घाईत, मुठीत, न बघता टाकलं. पांढरंच पडलं असणार. पण आत्याची पांढरी बटणं चार भोकांची, काळी दोन भोकांची. दोराच्या हजार तारांतली एक तुटकी तार जी बोटांनी ओळखते, तिला चार भोकं आणि दोन भोकं ओळखता आली नसतील? बोटं चुकली तर मग तिच्या सहीने चालणाऱ्या शंभर लिफ्टांचं काय? पाच वर्षं ती हे कोणाला बोलली नव्हती.

जेवणं उरकली आणि टेबल पुसायच्या आधीच थोरल्याने तोंड उघडलं. थोरला तळमजल्यावर छापखाना चालवायचा. तीस वर्षं बापाची पत्रकं छापून त्याच्या नखांतली शाई आता रक्तातच उतरली होती.

“बाबा, विधेयकाच्या बाजूने मत द्या. इतिहासात नाव राहील तुमचं. स्वतःच्या खुर्चीवर स्वतः कुऱ्हाड चालवणारा माणूस!”

“आणि मग त्या जागेवर बसणार कोण?” आत्या म्हणाली. “कुऱ्हाडीचा दांडा?”

“आत्या, मी तत्त्वाचं बोलतोय.”

“तत्त्वाला पाच वर्षांत तीन नवे कोट शिवून झाले माझ्याकडे. ट्रायल घेताना आरशासमोर हात जोडून उभं राहतं तत्त्व.”

थोरल्याची बायको, म्हणजे वहिनी, दातांची डॉक्टर. समोरच्याने आ केल्याशिवाय ती सहसा बोलत नसे, पण आज बोलली. “बाबा, तुम्ही आहात तेच बरं. अक्कलदाढ काढायला कोणी शिकाऊ माणूस बोलावतं का? आणि हे मेंबर झाले, तर त्या जिन्यावरच्या रांगेत सतराव्या पायरीवर मी बसलेली दिसेन. नवऱ्याला भेटायला.”

“ऐका, ऐका!” मेंबर खूश झाले. ते बोलायला लागले की बसल्या जागी उंच व्हायचे, असं म्हणतात. त्या दिवशी तर डोकं दिव्याला लागायचं बाकी होतं. “नवा माणूस निवडून आला, की पहिलं वर्ष जातं स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधण्यात. दुसरं जातं ते सापडल्याच्या आनंदात. तिसऱ्या वर्षी त्याला कळतं, की सचिवाने आपल्याला दोन वर्षं गोल गोल फिरवलं. चौथ्या वर्षी कुठे तो एक काम करतो, आणि पाचव्या वर्षी निवडणूक! तीन मुदतींत माणूस जरा शहाणा होतो न होतो, तोच तुमचा कायदा त्याला घरी पाठवणार. मग राज्य कोणाचं? कारकुनांचं! त्यांना नाही मुदत. ते बसलेत साठीपर्यंत.”

चौकशीला हे पटलं. प्रामाणिकपणे पटलं. तिच्या खात्यातही नवा साहेब आला की पहिले सहा महिने त्याला बाबूच चालवायचा.

“हे बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “शिकायला वेळ लागतो. मग तीस वर्षांत तुम्ही किती जणांना शिकवलंत?”

“म्हणजे?”

“तुम्हाला कळलेलं सगळं अजून कोणाला कळतं? कोणत्या कचेरीत कोणतं टेबल, कोणत्या सचिवाची कोणती खोड. उद्या तुम्हाला ताप आला तर कोण बघेल?”

“अगं, शिकवला की तो माझ्याच विरोधात उभा राहतो!”

“मग राहू दे की. का राहू नये?”

मेंबर हसले, पण उत्तर शोधायला पाण्याचा पेला उचलला. पेला रिकामा होता, तरी ते बराच वेळ प्याले.

“बाबा, लिफ्टचा दोर कधी बदलतात माहीत आहे?”

“तुटायच्या आधी, आणखी कधी?”

“पण कोणता दोर कधी तुटणार, हे दोराकडे बघून सांगता येत नाही ना. वरून चकचकीत असतो. म्हणून तारीख ठरवून ठेवतात. दोर वाईट निघाला म्हणून ती तारीख येत नाही. चांगला असला तरी उतरवतात.”

“हात तुझ्या! दोराला काय लोक निवडून देतात?” मेंबरांनी टेबलावर थाप मारली. “मला देतात. नको असेन तर पाडतील. लोकांना अक्कल नाही, असं म्हणायचंय का तुला? त्यांना मी सातव्यांदा हवा असेन, तर मला अडवणारा कायदा हा लोकांवरचा अविश्वास झाला.”

हेही पटण्यासारखं होतं. चौकशीने मान डोलावली. मग विचारलं, “मागच्या वेळी तुमच्यासमोर कोण उभं होतं?”

थोरल्याला हसू आवरेना. “तो छत्रीवाला! ग्रंथालयाच्या समितीचा म्हणून फॉर्म भरला बिचाऱ्याने. चारशे मतं पडली, आणि चुकून निवडून येतो की काय, या भीतीने दोन दिवस दार लावून बसला होता.”

“आणि त्याच्या आधी?”

“आधी कोणीच नाही. बिनविरोध.”

“म्हणजे लोकांनी निवडायचं कशातून?”

“हा माझा दोष?” मेंबर म्हणाले.

“मी कुठे दोष म्हटलं? मला कळत नाही म्हणून विचारतेय. माणूस चांगला आहे म्हणून समोर कोणी उभं राहत नाही, की इतकी वर्षं तोच आहे म्हणून?”

“पहिल्या निवडणुकीत तूच छापलं होतंस ना भाऊ,” आत्या मेंबरांना म्हणाली. “त्या म्हाताऱ्या मेंबरविरुद्ध. ‘खुर्ची बसायला असते, झोपायला नव्हे.’ शहरभर भिंती रंगवल्या होत्या.”

“तो झोपायचा! मी जागा असतो!”

“चार मुदती झाल्या होत्या त्याच्या. आणि तोही हेच म्हणायचा.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला आई मेंबरांच्या आठवड्याच्या गोळ्या डबीच्या कप्प्यांत भरत होती. इस्पितळाच्या औषधखिडकीवर तिने सदतीस वर्षं काढली होती. बोलता बोलता, भांडता भांडता, प्रसंगी डुलकी घेता घेतासुद्धा तिची मोजणी चुकत नसे. एरवी घरातल्या कुठल्याही वादात पहिली उडी तिची. आज मात्र ती एवढंच म्हणाली, “जेवणानंतरची पिवळी घेतलीत का?”

चौकशीने विधेयकाची प्रत ओढली. चार पानी होती. तीन मुदती, मोजणी कशी, मधली मुदत अर्धवट सोडली तर काय. शेवटच्या पानावर तिची भुवई वर गेली.

“दादा, हे सहावं कलम वाचलंस?”

“हो. म्हणजे… पाचवं वाचलं.”

“‘मुदतमर्यादा संपलेल्या सदस्याचे जोडीदार, मुलं, सुना आणि जावई यांना त्या जागेवरून पुढच्या दोन निवडणुका लढवता येणार नाहीत.’”

खोलीत पंखा तेवढा फिरत राहिला. दोनवर.

थोरल्याने प्रत हिसकावून घेतली, उजेडाकडे धरली, उलटी करून बघितली. “हा तर सरळसरळ अन्याय आहे!” तो म्हणाला. “बाबा, तुम्ही विरोधात मत द्या. अनुभव म्हणून काही चीज आहे की नाही? दहा वर्षांनी मी छप्पन्न वर्षांचा असेन!”

“आणि तत्त्व?” आत्याने विचारलं.

“तत्त्वाने सहावं कलम वाचलं नव्हतं,” वहिनी म्हणाली. तिचा चेहरा कीड न सापडलेल्या दातासारखा उजळला होता. “बाबा, मी माझं म्हणणं मागे घेते. फार चांगलं विधेयक आहे. बाजूने द्या. डोळे मिटून द्या.”

पाच मिनिटांपूर्वी जो विरोधात होता तो बाजूने आणि बाजूचा विरोधात, अशी टेबलाची उलथापालथ झाली. मेंबर मात्र निवांत होते. चौकशीच्या ते लक्षात आलं. कोणी काहीही म्हणो, त्यांच्या चेहऱ्यावर निकालाची काळजी अशी नव्हती. परीक्षेला बसलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर ती असतेच. ज्याच्याकडे पेपर तपासायला येतात त्याच्या चेहऱ्यावर नसते.

“भांडा, भांडा,” ते म्हणाले. “शेवटी भांड्यात एकमतच निघणार. आजवरचा इतिहास आहे. हे बाहेर सांगितलं तर कोणाला खरं वाटत नाही! दर वेळी भांडं घेऊन खोलीत जातो, मनात म्हणतो, देवा, एक तरी काळं निघू दे, म्हणजे सुटलो. झाकण उघडतो, तर आत चांदणं! मागच्या वेळी पाचही पांढरी बघून मला असा हुंदका फुटला, की शेजारचा लोहार हातोडा टाकून धावत आला.”

“शेजारी लोहार कुठाय?” वहिनीने विचारलं.

“तेव्हा होता.”

“बटणं आणते,” आत्या उठली.

“मी येते मदतीला,” चौकशी म्हणाली. बटणांचा डबा तळहाताएवढा होता, त्याला मदत कसली लागते, हे कोणी विचारलं नाही.

आत्याच्या खोलीत मेंबरांचा अर्धवट कोट लाकडी धडावर चढवलेला होता. प्रत्येक मुदतीला एक नवा कोट, हा आत्याचा हक्क. मापांची वही कपाटावर. चौकशीने दार लोटलं आणि सरळ विचारलं.

“आत्या, मागच्या वेळी तू कोणतं टाकलंस?”

“असं विचारत नसतात.”

“का?”

“झाली हिची खिडकी सुरू.” आत्या डब्यात बोटं फिरवत राहिली. मग कोटाकडे बघत हळूच म्हणाली, “शप्पथ घे, भाऊला सांगणार नाहीस.”

“घेतली.”

“काळं. मागच्या कोटाचं माप घेत होते. टेप मानेभोवती, मी समोर. भाऊने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाला, ‘अर्ज ठेवून जा बाई, तुमचं काम करतो.’” आत्याने नाक ओढलं. “सख्ख्या बहिणीला. दमलाय गं तो. मलाच नाही, कोणालाच बघत नाही आता. म्हटलं, पुरे. म्हणून काळं टाकलं. मग तो बाहेर येऊन ‘सगळी पांढरी’ म्हणाला. मला वाटलं, म्हातारी झाले, माझंच बोट चुकलं.”

चौकशीच्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हता, बंद पडलेल्या लिफ्टमध्ये नेमकी कोणती तार सुटली ते दिसल्यावर येतो, तसा.

“आत्या, पांढऱ्याला भोकं किती?”

“चार.”

“आणि काळ्याला?”

“दोन…” आत्या थांबली. चाळीस वर्षं बटणं लावणारी बाई. तिने डबा गपकन बंद केला. “अगं बाई.”

वर चढताना वहिनी जिन्यात भेटली, कपबशा घेऊन उगाच उभी होती. चौकशीने तिलाही विचारलं. वहिनीने वर बघितलं, खाली बघितलं, आणि पुटपुटली, “काळं. मला वाटलं होतं, माझं एकटीचं काळं सापडणार आणि सून म्हणून माझंच नाव होणार. बाबांनी ‘सगळी पांढरी’ म्हटलं, तेव्हा वाटलं, सांभाळून घेतलं मला. किती मोठा माणूस! त्या दिवसापासून त्यांच्या दातांचे पैसे घेत नाही मी.”

“दादा?”

“त्याचं काय विचारतेस? त्याला ती जागा मागच्याच वेळी हवी होती.”

आत्या, वहिनी, दादा आणि ती स्वतः. चार काळी. आई उरली. आईने तेवढं पांढरं टाकलं असणार. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार आहे. चौकशी उरलेल्या पायऱ्या सावकाश चढली. बोटं चुकली नव्हती, हा केवढा दिलासा. आणि बोटं चुकली नव्हती, म्हणजे बाबा खोटं बोलले होते. तिला राग यायला हवा होता, पण आधी प्रश्नच येत होता: दार बंद करून, भांड्यात चार काळी बघून, माणूस पुन्हा दार उघडेपर्यंत आत नेमकं काय करत असेल?

वर सगळे टेबलाभोवती बसले. भांडं मध्ये. आत्याने बटणं वाटली. पाच मुठी मिटल्या. मेंबर म्हणाले, “या वेळी पांढरं म्हणजे विधेयक पाडा, मी राहतो. काळं म्हणजे विधेयक होऊ द्या, मी जातो. घर म्हणेल ते.”

“बाबा,” चौकशी म्हणाली, “मोजणार कोण?”

“नेहमी कोण मोजतं?”

“तुम्ही. का पण?”

आजवर तिने हजारो प्रश्न विचारले होते, पण हा एक राहून गेला होता. घरातल्या कुणीच विचारला नव्हता. पहिल्या वेळी मोजायला कोणीतरी हवं होतं, मेंबरांनी भांडं उचललं. दुसऱ्या वेळी पहिल्या वेळी उचललं म्हणून उचललं. तिसऱ्यापासून तो रिवाजच झाला.

“का म्हणजे? मला सवय आहे,” मेंबर म्हणाले. “अनुभव आहे.”

“पाच बटणं मोजायचा?” आई म्हणाली. दुपारपासूनचं तिचं हे दुसरं वाक्य.

“टेबलावरच ओतू या ना,” वहिनीने सुचवलं. “सगळ्यांसमोर.”

“म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?”

“तसं नाही भाऊ…” आत्या चाचरली.

“तसंच आहे!” मेंबर उभे राहिले. चेहरा लाल, आवाज सभागृहातला. “तीस वर्षं या शहराने डोळे मिटून विश्वास टाकला, आणि माझ्या घरात…”

आणि फोन वाजला. पाचला अजून वीस मिनिटं होती. गटप्रमुखांना धीर निघाला नव्हता. मेंबरांना ऐकायला कमी यायचं, म्हणून त्यांचा फोन सदैव स्पीकरवर. फोन टेबलावर, भांड्याशेजारी.

“नमस्कार मेंबर! काय म्हणतंय घर? इथे माझे प्राण कंठाशी आलेत. चाळीस-चाळीस आहे.”

चौकशी बापाच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होती. तिला हेच तर बघायचं होतं, आणि आता मधे दार नव्हतं. चेहऱ्यावरचा राग कापराच्या वडीसारखा उडाला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खोटं नव्हतं. आवाज मऊ झाला, आणि तोही खोटा नव्हता. तीस वर्षं कोणी ‘पुरे’ म्हटलं नव्हतं त्या माणसाला. ते ऐकू यायचा कानच गेला होता. पाच मुठी त्यांच्या समोर मिटलेल्या होत्या, आणि त्यांना त्या दिसतच नव्हत्या.

“काय सांगू साहेब,” मेंबर म्हणाले. “मी म्हटलं, दमलो, जाऊ द्या मला. पण घर ऐकत नाही. आत्ताच कौल झाला. पाचच्या पाच पांढरी! मागच्या वेळेसारखीच. पोरं रडतायत इथे.”

“वा! म्हणजे विरोधात. लिहून घेऊ?”

थोरला, ज्याला तेच हवं होतं, त्याने मान खाली घातली. आत्याने पदर तोंडाशी नेला. चौकशी बोलणार होती, पण आत्याला दिलेली शपथ आडवी आली.

“घ्या लिहू—”

“थांबा हो साहेब, लिहू नका.” आईने गोळ्यांची डबी बाजूला ठेवली, खुर्ची पुढे ओढली आणि फोनवर वाकली. औषधखिडकीतून गोळी कधी घ्यायची ते सांगावं, इतक्या सरळ आवाजात ती बोलली. “भांडं अजून रिकामं आहे. बटणं आमच्या हातात आहेत.”

“वहिनी?” गटप्रमुखांनी आईचा आवाज ओळखला. “म्हणजे… मग मागच्या वेळी तरी…?”

“मागच्या वेळी यांचा कोट धुवायला काढला, तर खिशात पाच काळी बटणं. मी दोनदा मोजली. म्हटलं, आज सांगतील, उद्या सांगतील. पाच वर्षं वाट बघितली.” मग ती मेंबरांकडे वळली. “एकमत झालं होतं, हे तुम्ही खरं सांगितलंत. रंग तेवढा खोटा सांगितलात.”